बारा टाक्या

सकाळी नऊच्या सुमाराला, बागेच्या चौथ्या ओळीत, धाकट्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप आधी शिट्टीसारखा वाजला आणि मग धुरकटला. धाकट्याने पट्ट्यांतून हात सोडवले, पंप समोरच्या झाडाच्या आळ्यात फेकला आणि चार हात लांब जाऊन पालथा पडला. बाकीचे पाच फवारणीवाले नोझल हातात धरून नुसते बघत राहिले. पंपाच्या बुडाची बॅटरी दोन मिनिटं फुसफुसली, तिने टाकीचं प्लॅस्टिक वितळवलं, सोळा लिटर औषध तिच्याच अंगावर सांडलं आणि ती कशीबशी विझली. एवढं औषध फुकट गेलं म्हणून कुणीतरी हळहळलंसुद्धा. माणसाचं काय, माणूस उठून बसला होता.

कमरेच्या जरा वर, मणक्याच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढी कातडी सोलली गेली होती. डॉक्टरने मलम लावून पट्टी बांधली आणि पालथं झोपायला सांगितलं. घरी आल्यावर धाकट्याच्या बायकोने, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेने, नवऱ्याचा जळका सदरा उचलला, पडवीत नेला आणि थोरल्या जावेच्या टेबलावर तारांच्या भेंडोळ्यांशेजारी ठेवला.

"ठेवा जपून, ताई," ती म्हणाली. "तुमच्याच हातची कला आहे."

थोरलीने तारा बाजूला सारून सदऱ्याला जागा केली. बोलणार काय? सहाही पंपांच्या बॅटऱ्या तिनेच बांधलेल्या. पंपात मुळात शिशाची बॅटरी यायची, दगडासारखी जड आणि दुसऱ्या हंगामाला मान टाकणारी. ती काढून थोरलीने जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सेल निवडले, बारा-बारा सेलांच्या हलक्या बॅटऱ्या बांधल्या आणि पडवीत एक चार्जिंगची पेटी बनवली. पेटीतून सहा वायरी बाहेर निघत. संध्याकाळी सहा जण बॅटऱ्या आणून लावत, सकाळी भरलेल्या घेऊन जात. विद्या सासऱ्याची. म्हातारा एके काळी रेडिओ दुरुस्त करायचा. आता मोतीबिंदूने डोळे गेले होते, पण बोटं अजून शहाणी होती. थोरलीचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पडवी तिचीच झाली होती आणि गावात तिला सगळे बॅटरीवाली म्हणायचे. ते नाव तिला आवडायचं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी बागवाला आला. आवाज चढवणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याची जास्त भीती वाटायची.

"पोरगा कसा आहे?" त्याने आधी विचारलं. मग ओट्यावर बसला. "बाई, फुलकिडे पडलेत. आठ दिवसांत फवारणी उरकली नाही तर मोहोर हातचा जाईल. आणि तुमचा पंप माणसाच्या पाठीवर पेटतो. मी उरलेल्या पाच जणांना कोणत्या तोंडाने पंप उचला म्हणू?"

"कारण शोधते."

"शोधा. परवा सकाळी मला सांगा. नाहीतर नदीपलीकडची टोळी येईल. त्यांच्याशी बोलून ठेवलंय. ती एकदा आली की पुढच्या हंगामालाही तीच येणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

तो गेल्यावर थोरलीने पाचही जणांकडून बॅटऱ्या परत मागवल्या. कुणी हातात दिल्या नाहीत. अंगणाच्या कडेला ठेवल्या आणि मागे सरकले, जणू पिशवीत साप आहे. त्यातला एक जण परवापर्यंत तिच्या हातचा चहा पिऊन तिची तारीफ करत होता. धाकट्याचं काम जाणार, बाकीच्या पाचांचं जाणार, आणि आपल्या नावाला जन्माचा काळिमा लागणार, हे तिला दिसत होतं. पण त्याहून वाईट गोष्ट एक होती. बॅटरी पाठीवर पेटली म्हणून तळहाताएवढ्या जखमेवर निभावलं. पडवीत पेटली असती तर? पडवीच्या भिंतीपलीकडे धाकटीची दोन्ही लेकरं झोपत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर तिने जळकी बॅटरी उघडली. प्रत्येक बॅटरीत सेलांवर एक बोटभर पट्टी असते, बीएमएस म्हणतात तिला. तिचं काम राखणदाराचं. सेल काठोकाठ भरले की तिने येणारी वीज तोडायची. या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. टाकीतून झिरपलेल्या औषधाने तांबं खाल्लं होतं.

"राखणदार आधीच मेलेला होता, मामंजी," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने बोट फिरवून पाहिलं. "हं. पण राखणदार मेला म्हणून काही चोरी होत नाही. चोर यावा लागतो."

ते खरंच होतं. पेटीतून येणारी वीज बेताची असती तर पट्टी मेलेली असूनही काही बिघडलं नसतं. भरलेल्या बॅटरीचा आकडा १२.६ व्होल्ट. पेटीतल्या सर्किटवर एक इवलासा पितळी स्क्रू होता. तो फिरवून थोरलीने या हंगामाच्या सुरुवातीला, पंधरा-वीस दिवसांपूर्वी, पेटी बरोबर १२.६ वर बसवली होती आणि स्क्रू हलू नये म्हणून त्यावर धाकटीच्या लाल नेलपॉलिशचा थेंब टाकून ठेवला होता. तिने पेटीचं झाकण काढलं. नेलपॉलिशचा थेंब फुटलेला होता. स्क्रूच्या खाचेत टोक घातल्याचा ताजा ओरखडा होता.

तिने मीटर लावला. आकडा आला १४.८.

उरलेल्या पाच बॅटऱ्यांमध्ये राखणदार जिवंत होते म्हणून पाच पाठी वाचल्या होत्या.

ती माजघराच्या दारात उभी राहिली. धाकटा पालथा पडला होता आणि धाकटी त्याच्या पट्टीवर पदराने वारा घालत होती.

"पेटीला हात कुणी लावला?"

धाकट्याने तोंड भिंतीकडे वळवलं. धाकटी मात्र उसळली. "आता आम्हीच चोर का? जळायचं आम्ही आणि जाबही आम्हीच द्यायचा? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!"

"मी चोर म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतंय?"

थोरली वळली. अशा वेळी जिभेपेक्षा हात चालवलेले बरे, हे तिला एवढ्या वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. तिने स्क्रू उलटा फिरवून मीटरवर आकडा १२.६ वर आणला. अंगणाच्या मधोमध लोखंडी घमेल्यात वाळू पसरली, पाचांतली एक चांगली बॅटरी बल्ब लावून रिकामी केली, वाळूवर ठेवली आणि चार्जिंगला लावली. लेकरांना शेजारी पाठवलं. दर दहा मिनिटांनी मीटर लावायचा आणि आकडा पाटीवर खडूने लिहायचा. दीड तासात बॅटरी भरली. सेल गार, आकडा जागच्या जागी.

तिने मोठा श्वास सोडला. स्क्रू फिरला होता, तो जागेवर आला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

"आता पंपाला जोडून बघ," म्हातारा म्हणाला. "भरल्या बॅटरीवर बारा टाक्या चालल्या पाहिजेत. बारा म्हणजे बारा."

औषधाऐवजी साधं पाणी भरायचं होतं. पाणी आणायला घरात एकच माणूस मोकळं होतं. धाकटी कळशी घेऊन विहिरीवर गेली. सोळा लिटरची एक टाकी, एकामागून एक. ती कळशी अशी आदळायची की निम्मं पाणी थोरलीच्या पायावर. थोरलीने पंप कट्ट्यावर ठेवून नोझल कुंपणाच्या रोपांवर धरला होता. दोघी एकमेकींकडे न बघता टाक्या मोजत होत्या. पाच झाल्या, सहा, सात. आठव्या टाकीत फवारा कण्हायला लागला, मग नुसता ठिबकला आणि पंप बंद पडला.

"आठ," म्हातारा म्हणाला.

थोरली नोझलकडे बघत राहिली. भरलेली बॅटरी आठ टाक्यांत कशी संपेल?

"तसंच व्हायचं." मागून आवाज आला. धाकटा दाराच्या चौकटीला धरून वाकडा उभा होता, घामाने भिजलेला. "पंधरा दिवस असंच चाललं होतं, वहिनी. आठ टाक्या झाल्या की सगळे बसायचे. मला म्हणायचे, तुझ्या वहिनीच्या बॅटऱ्या दुपारी डुलकी काढतात. मुकादमाने तर एकदा सगळ्यांसमोर मला तोंडाने फुंकून फवारायला सांगितलं. हसले सगळे."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुम्ही वेळेला जेवण सोडून त्या बॅटऱ्या बांधता. वाटलं, जरा पोटभर भरू दे त्यांना. चार दिवसांपूर्वी फिरवला तो स्क्रू. दोनच आटे. मग चालल्या बारा टाक्या." तो थांबला. "माझ्याच पाठीवर आलं ते बरं झालं."

धाकटीच्या हातातली कळशी खाली टेकली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

थोरलीला राग यायला हवा होता. पण तिच्या डोक्यात भलतंच फिरायला लागलं. स्क्रू धाकट्याने चार दिवसांपूर्वी फिरवला. आठ टाक्यांचं रडगाणं पंधरा दिवसांचं. म्हणजे धाकट्याने हात लावायच्या आधीच काहीतरी चुकत होतं.

"सेल म्हातारे झाले असतील," ती स्वतःशीच म्हणाली.

"सहाही बॅटऱ्यांचे एकाच दिवशी?" म्हातारा म्हणाला. "सूनबाई, सगळ्यांना एकदम ताप आला तर आधी थर्मामीटर बघावा. माझ्या पेटाऱ्यातला काट्याचा मीटर काढ."

"मामंजी, तो केवढा जुना! त्याचा काटा तरी हलतो का?"

"मीही जुनाच आहे. काढ."

काट्याचा मीटर काळ्या डब्याएवढा, काच पिवळी पडलेली. थोरली त्याला कधीकाळी हसली होती. आकडे सरळ लिहून देणारा मीटर असताना काटा कुठे थरथरतो ते डोळे बारीक करून कोण बघत बसणार? तिने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, गेल्याच आठवड्यात नवा घातलेला. नवा सेल दीडच्या जरासा वर असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. काटा दीडच्या जरासा वर जाऊन थांबला. मग तिने तोच सेल आपल्या मीटरवर धरला. १.७१.

तिने पुन्हा धरला. १.७१.

मीटरच्या पडद्याचा कोपरा चार महिन्यांपूर्वी पडून तडकला होता आणि तिने त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. आता तिने नखाने ती पट्टी सोलली. खाली, काचेच्या कोपऱ्यात, बॅटरीचं इवलंसं चित्र होतं. मीटरमधली बॅटरी संपत आली की ते उमटतं. किती दिवसांपासून ते तिला ओरडून सांगत होतं, कोण जाणे. भुकेलेला मीटर आकडे वाढवून सांगत होता. ती ज्याला १२.६ समजत होती ते खरं साडेअकराच्या आसपास होतं. बॅटऱ्या अर्धपोटी राहत होत्या. म्हणून आठ टाक्या, म्हणून ते हसणं, म्हणून धाकट्याचे दोन आटे.

दिवसभर लोकांच्या बॅटऱ्यांचा जीव मोजणाऱ्या बाईने आपल्या मीटरची बॅटरी बघितली नव्हती.

ती तिथेच पायरीवर बसली. रडू आलं ते तिने अडवलं नाही. "माझ्यामुळे झालं, मामंजी."

"झालं," म्हातारा म्हणाला. खोटं सांगून समजूत काढायची सवय त्याला नव्हती. "आता ऊठ. दुपार कलली."

मीटरला लागते तशी चौकोनी बॅटरी घरात नव्हती आणि बाजार बारा कोस. तेव्हा जे करायचं ते काट्यावरच. तिने काट्याच्या मीटरवर पेटी १२.६ला बसवली. सवयीने दुसरा मीटरही लावला. त्यावर १३.७ दिसलं. काल हा आकडा दिसला असता तर तिने धावत जाऊन वायर उपटली असती.

रिकामी झालेली बॅटरी पुन्हा घमेल्यात गेली. आता प्रश्न एवढाच होता की दोघांतला खोटारडा तिने बरोबर ओळखला आहे का. घड्याळाच्या एका सेलाची साक्ष, तेवढीच. काटाही वीस वर्षं पेटाऱ्यात पडून होता. तो खोटा निघाला तर वाळूत भडका उडणार होता. धाकटा आणि धाकटी ओसरीच्या टोकाला उभे राहिले. म्हातारा मात्र काठी टेकत आला आणि घमेल्याशेजारी मांडी घालून बसला.

"मामंजी, लांब बसा."

"मला दिसत नाही. लांबून मला काय कळणार?"

थोरली वायरीच्या पिनेवर हात ठेवून उकिडवी बसली. ऊन पाठीवरून खांद्यावर आलं, मग भिंतीवर चढलं. पायाला मुंग्या आल्या, पण तिने हात काढला नाही. काटा केसाकेसाने सरकत होता. शेजारचा मीटर १३.२ म्हणाला, १३.४ म्हणाला, आणि प्रत्येक आकड्याला तिचं बोट पिनेवर आवळायचं. दर थोड्या वेळाने म्हातारा हात पुढे करून पालथी बोटं सेलांना लावायचा आणि एकच शब्द बोलायचा.

"गार."

दिवेलागणीला काटा १२.६ वर टेकला आणि तिथेच राहिला. वीज ओढणं आपोआप मंदावत थांबलं. थोरलीने पिन काढली तेव्हा बोटं वळून गेली होती, सरळ होईनात.

तिने पाचही बॅटऱ्यांच्या राखणपट्ट्या एकेक करून घासल्या, तपासल्या आणि औषध झिरपू नये म्हणून त्यांना रबराचा लेप दिला. पेटीच्या स्क्रूवर थेंब टाकायचा राहिला होता. ती मागे वळली तर टेबलावर, जळक्या सदऱ्याशेजारी, लाल नेलपॉलिशची बाटली ठेवलेली होती. धाकटी केव्हा ठेवून गेली ते तिला कळलंही नाही.

सकाळी ती पंप आणि बॅटरी घेऊन बागेत पोचली तर धाकटा तिच्या आधीच तिथे. पाठीवर पट्टी, वर सदरा नुसता टाकलेला, समोर बागवाला, भोवती पाच जण. धाकटीही नवऱ्यामागे आली होती.

"या बाई," बागवाला म्हणाला. "कारण कळलं. तुमच्या दिरानेच सांगितलं. याने न विचारता स्क्रू फिरवला. बरं झालं, तुमच्या बॅटरीचा दोष नाही. पंप चालू करा. फक्त याला आता मी कामावर घेणार नाही. आज स्क्रू फिरवला, उद्या औषधाचं माप फिरवेल."

धाकटा जमिनीकडे बघत होता. थोरलीला सगळं उमगलं. तिचं नाव राहावं म्हणून त्याने आपलं काम देऊन टाकलं होतं. आता तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बॅटरीवालीचं नाव शाबूत, पाच जणांचं काम शाबूत. धाकटी तिच्याकडे बघत होती, आणि ती काहीच मागत नव्हती.

"अर्धीच गोष्ट सांगितली त्यांनी," थोरली म्हणाली. "पहिली चूक माझी. माझा मीटर खोटं दाखवत होता. त्यामुळे बॅटऱ्या अर्ध्याच भरत होत्या. तुमचे लोक हसायला लागले म्हणून त्यांनी स्क्रू फिरवला. मी नीट भरल्या असत्या तर त्यांचा हात पेटीला लागलाच नसता. काढायचं असेल तर आधी मला काढा."

मुकादम नोझल पुसायला लागला.

"मीटर खोटा आणि तुम्हाला इतके दिवस कळलं नाही?" बागवाल्याने विचारलं.

"नाही कळलं."

"मग आज कळलंय ते खरं कशावरून?"

तिने बॅटरी पंपात बसवली, औषधाने टाकी भरली, पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं. पंप कट्ट्यावर ठेवला आणि पाठमोरी होऊन पट्ट्यांत हात घालायला लागली.

"वहिनी, अहो, काय करताय!" धाकटा पुढे आला.

"बारा टाक्या," ती बागवाल्याला म्हणाली. "याच बॅटरीवर. माझ्या पाठीवर. मग ठरवा."

धाकटी लगबगीने आली. तिने आपल्या खांद्यावरचा टॉवेल चौपदरी घडी घातला आणि पंप आणि थोरलीची पाठ यांच्यामध्ये सारला. थोरलीने हात मागे नेऊन तो ओढून काढला आणि तिला परत दिला.

"नको गं. गरम व्हायला लागली तर मला आधी कळलं पाहिजे."

ती चौथ्या ओळीत शिरली, जिथे काम थांबलं होतं तिथेच. सोळा लिटरचं ओझं आणि वर पट्ट्यांचा काच. तिसऱ्या टाकीला खांदे भरून आले. पाचवीला घामाने पोलकं पाठीला चिकटलं आणि बॅटरीची ऊब कुठली नि उन्हाची कुठली हे तिला कळेना. प्रत्येक पावलाला तिचं सगळं लक्ष कमरेच्या वर, मणक्याच्या डाव्या अंगाला, त्या तळहाताएवढ्या जागेवर होतं. आठवी टाकी आली. मागे चालणारे पाच जण जवळ सरकले. आठवी संपली, नववी भरली, फवारा तसाच ताठ. कुणीतरी हळूच म्हणालं, "डुलकी नाही काढली." दहावीला टाकी भरायला धाकटी पुढे झाली आणि या वेळी तिने एक थेंबही बाहेर सांडला नाही.

बागवाला बांधावर उभा होता. अकरावीला त्याने खिशातून मोबाइल काढला, नदीपलीकडच्या टोळीच्या मुकादमाला दोन शब्दांत येऊ नका म्हणून सांगितलं. मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "पाठ भरून आली की ये. स्क्रू लांबून बघायचा."

बारावी टाकी संपली. थोरली झाडाला टेकून उभी राहिली, तिला पट्टे सोडवता येईनात. धाकटी मागे आली. तिने पट्टे सोडायच्या आधी पंप आणि पाठ यांच्या फटीत आपला हात घातला, पालथी बोटं आधी बॅटरीच्या खणाला लावली आणि मग जावेच्या भिजलेल्या पाठीवर ठेवली. हात तिथेच राहिला.

"गार आहे, ताई," ती म्हणाली.